शिळी यादी

रेन शहरात, चष्म्याच्या दुकानावर आमचं ऑफिस.
तिथून समुद्र दिसत नाही,
पण पडद्यावर अख्खं बंदर असतं:
निळे चौकोन, काळ्या रेघा,
कुठला दरवाजा कुठल्या झडपेनंतर उघडायचा त्याचा नकाशा.
भरती चुकीची माफी देत नाही,
म्हणून हे सॉफ्टवेअर.

फेब्रुवारीत एलुआंची तक्रार आली, दोन ओळींची.
‘सातवी झडप मी काल पुसली.
आज यादीत ती अजून आहे.’

मी करून पाहिलं.
चौकोन पुसला, त्याच्या रेघा गळून पडल्या.
जोडणीची खिडकी उघडली, यादी खाली ओघळली,
आणि सातवी झडप तिथेच,
सहावी-आठवीच्या मध्ये
पान वाढायची वाट बघत बसलेली.
तिला निवडलं.
रेघ निघाली आणि पांढऱ्यात जाऊन थांबली.
लाल खूण नाही, इशारा नाही.
जणू पत्ता बरोबर होता, घरच नव्हतं.

कारण सापडायला दोन दिवस.
आकृतीत काही बदललं की आत एक घंटा वाजते,
सगळ्या खिडक्या कान टवकारतात.
यादीला कानच नव्हता.
ती पहिल्यांदा उघडली तेव्हा जे पाहिलं
तेच घोकत बसली होती.
कान लावायचा राहिला होता सात वर्षांपूर्वी,
बहुधा गुल्वेनकडून, बहुधा शुक्रवारी.
गुल्वेन म्हणाला, ‘शुक्रवारी नाही. मला आठवतं. पाऊस होता.’
इथे रोजच असतो.

एक ओळ लिहिली. यादी ताजी झाली.
एलुआंनी आभाराचा अंगठा पाठवला.

मग नऊ दिवसांनी फोन.
लेओनी पास्को, सें-मालोच्या बंदरावर एकतीस वर्षं,
आवाज दोरखंडासारखा.
‘माझी माणसं कुठे गेली?’

कुठली माणसं, मी विचारलं.

गेल्या वर्षी झडपांना आकडे दिले होते, नियमाप्रमाणे.
त्याआधी त्यांना नावं होती.
विधवा, कारण ती एकटीच उघडायची.
गास्पारचा गुडघा, कुरकुरायचा म्हणून.
बहिरी.
दोन नंबरची सासू.
आकृतीतून नावं गेली,
पण लेओनीबाईंनी ती फाइल कधी बंदच केली नव्हती,
आणि आमच्या बिनकानी यादीत ती सगळी तशीच
ओळीनं उभी होती.
‘रोज सकाळी सरकवत जायचे मी त्यांच्यावरून,
खाली, आठवीपर्यंत.’

मी म्हटलं, टिपणांसाठी वेगळी जागा आहे.
‘टिपणं कोण वाचतं, पोरी?
यादीतून जावंच लागतं.’

गुल्वेन म्हणाला, हा दोष होता, आठवण नव्हती.
बरोबर होतं त्याचं.
मेलेल्या झडपेला रेघ जोडली
तर एखाद्या रात्री दरवाजा उघडायचा राहील
आणि पाण्याला यादी वाचता येत नाही.
बाईंनाही हे माझ्याहून जास्त कळत होतं.
‘परत आणू नकोस,’ त्या म्हणाल्या,
‘मी फक्त विचारलं.’
फोन लगेच ठेवला नाही मात्र.

मी कागद घेतला. म्हटलं, सांगा.
बावीस नावं निघाली.
दोन मला लिहिता आली नाहीत,
ब्रेतों भाषेत होती, आणि त्या हसत होत्या.

दुरुस्तीला चाचणी जोडावी लागते.
मी आधी लिहिलं होतं: अ, ब, क.
ते खोडलं.

आता रोज रात्री दोन वाजता
तळघरातलं यंत्र जागं होतं,
विधवेला घडवतं, गुडघ्याला, बहिरीला, सासूला,
त्यांच्यात रेघा ओढतं,
मग एकेकाला पुसतं,
यादी उघडतं
आणि नाव घेऊन विचारतं:
विधवा आहे?
नाही.
गास्पारचा गुडघा?
नाही.

बावीस हिरव्या खुणा.
सकाळी मी कॉफी ओतता ओतता वाचते,
वरून खाली.